कोणी कोणाला उतरवलं

उर्केन शेर्पा सात वेळा शिखरावर जाऊन आला होता, आणि सातही वेळा खाली येऊन दुसऱ्या दिवशी गुमान बटाट्याच्या वावरात राबला होता. या खेपेला मात्र तो गोंधळ घेऊन उतरला. शिखरापासून वरच्या तंबूपर्यंतचे चार तास त्याच्या डोक्यातून कोणी चमच्याने काढून नेले होते. आठवत होतं ते नुसतं पांढरं.

त्याने वर नेलेल्या हॉफमन साहेबांच्या डोक्यात ते चार तास शाबूत होते. उलट उतारावर वाढतच गेले. तळावर सांगताना साहेबांनी उर्केनला हाताला धरून उतरवलं होतं. वाटेतला नामचे बाजार येईपर्यंत खांद्यावर टाकून. गावात पोचेस्तोवर एका बगलेत उर्केन, दुसऱ्या बगलेत तंबू, आणि दातांत दोर!

सकाळी उर्केनची बायको याङ्जी त्याची पिसं भरलेली विजार शिवायला बसली आणि ओरडली, "हे काय रे? दोन्ही मांड्यांवर भोकं! कोंबडी सोलल्यासारखी पिसं उडतायत."

"खडकाला घासली असेल."

"खडकाला असे ओळीने दात असतात? बुटाखालच्या लोखंडी काट्यांचे टोचे आहेत हे. तुझ्या पाठीवर कोणी पाय लोंबकळवत बसलं होतं, येड्या!"

"पण साहेब म्हणतात..."

"साहेब म्हणतात! पाय तुझे की साहेबांचे?"

उर्केनने पायांकडे पाहिलं. खात्री वाटेना.

दुपारी पाहुण्यांना शिखरावर नेणाऱ्या कंपनीचे मालक ग्याल्जेन दाजू यांच्या लॉजमध्ये साहेबांचा सत्कार होता. दाजूंनी उर्केनला दारातच गाठलं.

"साहेब सांगतील त्याला हो म्हण. पुढच्या वर्षी पंधरा जण आणतायत. अख्ख्या गावाला काम."

"आणि मला?"

"तुला स्वयंपाकघरात बघू. पाहुण्याने उतरवून आणलेल्या माणसाच्या मागे दोर बांधून कोण चालेल, बाबा?"

"म्हणजे खोटं बोलू?"

"तुला आठवतच नाही ना? मग खोटं कसं होईल?"

उर्केन आत जाऊन बसला. साहेबांनी हकिगत सांगितली; या वेळी वाटेत एक हिमकडाही कोसळला. लोकांनी माना डोलावल्या आणि उर्केनकडे वळवल्या. गाव पोटाला लागणार की आपलं नाव राहणार, हे त्याच्या एका 'हो'वर होतं, आणि तो 'हो' खरा की खोटा हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

तो उठला. "साहेब, जरा माझ्या पाठीवर बसता?"

हशा पिकला. फोटोसाठी असेल, असं वाटून साहेब हसत चढले. त्यांची हनुवटी आपसूक उर्केनच्या डाव्या खांद्यावर टेकली, बोटं त्याच्या छातीवर एकमेकांत अडकली. उर्केनची पाठ नेमकी हवी तेवढी वाकली.

"मोठ्या खडकापाशी आपण डावीकडे वळलो ना?" साहेब कानाशी पुटपुटले.

"उजवीकडे. तुम्ही आईला हाका मारत होता," उर्केन तितक्याच हळू बोलून गेला आणि स्वतःच दचकला.

साहेबांची मिठी घट्ट झाली.

"कोणाला सांगू नकोस," साहेब म्हणाले.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

साहेब बोलेनात, उतरेनात, मिठीही सोडेनात. दाजू सत्काराला गळ्यात घालायचा रेशमी खादा घेऊन पुढे आले आणि एकावर एक दोन मुंडकी पाहून थबकले.

"घालू कुणाला?" त्यांनी विचारलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.