चढावर दम टाकणारी पिकअप

एअर फिल्टर उजेडासमोर धरला की त्याच्या कागदी घड्यांमधून प्रकाश सगळीकडून सारखा यायला हवा. इथे तो फक्त कडेच्या घड्यांतून येत होता. मधला पट्टा काळाठिक्कर होता.

"दाजी, गाडीचं नाक चोंदलंय," मेव्हणा म्हणाला. "चढावर धापा टाकील नाहीतर काय करील?"

दाजी हसले. सुतारांकडची तयार दारं-खिडक्या नव्या घरांवर पोचवणारी त्यांची पिकअप जुनी होती. अलीकडे ती डिझेल पाण्यासारखी पीत होती आणि चढ लागला की नुसती ओरडायची, पुढे सरकायची नाही. नव्या इंजिनाची ऐपत नव्हती. म्हणून गॅरेजवाला मेव्हणा दर सुट्टीला येऊन स्वस्तातले उपाय करत होता. टायरमधली हवा नीट केली, चाकांची अलाइनमेंट झाली, इंजेक्टर साफ करून आणले. मागच्या हौद्यात उगाच पडून असलेला लोखंडी सांगाडाही उतरवला. आज फिल्टर बदलला.

दर वेळी दाजी कौतुकाने मान डोलवायचे आणि दर वेळी मनाला टोचणी लागायची. त्यांच्या डाव्या पायाची बोटं थंडीच्या दिवसांपासून बधिर होती. आता तो बधिरपणा घोट्याच्या वर आला होता. साखरेमुळे होतं असं, डॉक्टर म्हणाले होते. घरी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"चला, चढावर बघू," मेव्हणा म्हणाला. हौद्यात दारं भरलेलीच होती. दाजींची बायको येऊन मधल्या जागेवर बसली.

"ताई, तू कशाला?"

"तुमची दोघांची जुंपली तर सोडवायला कुणीतरी नको?"

आधी मेव्हण्याने चालवली. पिकअप दारांसकट सरसर वर गेली. "बघा दाजी, म्हातारी तरणी झाली!"

मग खाली येऊन दाजी बसले. तोच चढ, तेच ओझं, तोच गिअर. अर्ध्यावर इंजिनाचा आवाज चढला, वेग मात्र जिथल्या तिथे. केबिनमध्ये जळका वास पसरला.

"क्लच सरकतोय," मेव्हणा म्हणाला. "पण प्लेट तर मागच्याच वर्षी टाकली!"

"अहो, क्लचवरचा पाय काढा ना," बायको म्हणाली.

"काढलेलाच आहे. खाली आहे."

"बघा तरी."

दाजींनी पाहिलं. त्यांचा बूट क्लचवर आरामात विसावला होता.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मेव्हण्याला हसू आवरेना. "मला शिकवताना याच चुकीसाठी पाठीत धपाटे घालायचात की हो! आता कुणी घालायचे?" मग दाजींचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू मावळलं.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"थंडीपासून. कळतच नाही कुठे टेकलाय ते."

"आणि हा बिचारा दर सुट्टीला गाडीखाली लोळत राहिला."

दाजी समोरच्या काचेतून बघत राहिले. लग्नानंतर लवकरच तिने हौसेने लायसन काढलं होतं, मुदत संपेल तसं वाढवूनही घेतलं होतं. पुढच्या महिन्यात हात साफ करून देतो, गाडी जड आहे, तुला झेपायची नाही, असं म्हणता म्हणता तिचे केस पिकले. शेजारी बसून, नुसत्या आवाजावरून, गिअर कधी बदलायचा हे ती त्यांच्या आधी सांगायची. गाडी जड कधीच नव्हती. तिने मागावं आणि आपण पुढे ढकलावं, यातच त्यांना मोठेपणा वाटायचा.

"एवढं काही नाही हो," मेव्हणा समजुतीने म्हणाला. "क्लचच्या बाजूला पाय टेकवायला लोखंडी पट्टी ठोकून देतो. फुकटात काम होईल."

बायकोने दाजींकडे पाहिलंही नाही.

मेव्हण्याच्या पट्टीने आणखी एखादं वर्ष निघालं असतं. दाजी हो म्हणणार, एवढ्यात खालून शाळेची गाडी आली आणि त्यांना ओलांडून वर गेली. तिच्या मागच्या काचेत पोरांची डोकीच डोकी होती.

"पट्टी नको," दाजी म्हणाले आणि बायकोकडे वळले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "आजपासून गाडी तू चालवायचीस."