इनेसच्या खेचराची चाल

दिओसेलिनाला बोंगो आणि कोंगा यांतला फरक कळत नव्हता. दोन्हींना ती 'ते ढोल' म्हणायची. आणि नेमकं तिनंच तरुणपणी कांदिल ऑर्केस्ट्रा याचि डोळा पाहिला होता. एनेइदा बालांताच्या मते देवाच्या हातून एवढी ढळढळीत चूक दुसरी झालेली नव्हती.

एनेइदाची डायरी काली शहरातल्या अख्ख्या बार्रियो ओब्रेरो वस्तीत प्रसिद्ध होती. शाळेत असल्यापासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा, ऐकलेली प्रत्येक नवी रेकॉर्ड आणि गाठलेला प्रत्येक कार्यक्रम तिनं त्यात उतरवला होता. कुठल्या थिएटरात, शेजारी कोण बसलं होतं, मेक्सिकन नायिकेचं रडणं खरं होतं की ग्लिसरिनचं, ट्रम्पेटवाला कुठे घसरला, सगळं. वह्या भरल्या, मग कपाट भरलं. नवरा कुरकुर करत राहिला, पुढे तो देवाघरी गेला, डायरी चालूच राहिली. रविवारी बागेत रेकॉर्डवाल्यांचा मेळा भरायचा. कुठला ऑर्केस्ट्रा कालीला कधी आला यावरून म्हातारे हमरीतुमरीवर आले की शेवटी कुणीतरी अदबीनं म्हणायचं, "दोन्या एनेइदा, वही काढा बुवा." मग ती सावकाश चष्मा लावायची. घाई करायची नाही. तो मान तिला फार आवडायचा.

त्या सगळ्या वह्यांमध्ये एक पान कोरं होतं. वर तारीख, जत्रेतला दुसरा दिवस, आणि खाली काही नाही.

त्या दिवशी न्यूयॉर्कचा कांदिल ऑर्केस्ट्रा जत्रेच्या मांडवात दुपारी वाजवणार होता. एनेइदानं तिकीट कधीचं काढून ठेवलं होतं. पांढरे, उंच टाचेचे बूट घेतले होते आणि ते घरातल्या घरात घालून आरशासमोर तालीम चालली होती. आणि आदल्या दिवशी तिला गालगुंड झालं. ऐन एकोणिसाव्या वर्षी, तोंडाचा भोपळा. आईला तिकीट वाया गेलेलं बघवेना. तिनं ते शेजारच्या दिओसेलिनाला देऊन टाकलं. दिओसेलिनाकडे शाळेचे काळे बूट सोडून काही नव्हतं, म्हणून पांढरे बूटही दिले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिओसेलिना आली ती बूट वर्तमानपत्रात गुंडाळून. डाव्या बुटाला टाच नव्हती.

"गटारात पाय गेला गं," ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला बसली. "पण काय सांगू तुला, काल..."

"काही सांगू नकोस," असं म्हणून एनेइदानं सुजलेलं तोंड भिंतीकडे वळवलं. "मला ऐकायचं नाहीये. कधीच नाही."

दिओसेलिना आज्ञाधारक होती. तिनं एनेइदाला कधीच सांगितलं नाही. बाकी सगळ्या जगाला सांगितलं.

लग्नात, बारशात, केस कापायच्या दुकानात, कुणाच्या मयताला गेली तरी कॉफी फिरायला लागेपर्यंत हिचं सुरू व्हायचं: "मी कांदिलला पाहिलंय." एनेइदाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी दिओसेलिनानंच हातात धरलं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. बाप्तिस्म्यात पाद्री पाणी शिंपडतोय आणि ही बाजूला उभ्या असलेल्या मामाला सांगतेय, पियानोवाल्याचा कोट कसा होता ते. एनेइदा ओठ मिटून उभी होती. आत नुसत्या मिरच्या झोंबत होत्या. हिला कळतं तरी का काही? हिच्या घरी साधा रेकॉर्ड प्लेयर नाही. आपण असतो तर पान भरून, नाही, वही भरून लिहिलं असतं.

आता दोघींचे केस पांढरे झाले होते आणि जळफळाट काही शिळा झाला नव्हता.

आणि अशात एक दिवस मेळ्याचा चिटणीस हार्वी घाईघाईनं एनेइदाच्या दारात आला.

"दोन्या एनेइदा, बसा आधी. कांदिलचे पियानोवाले डॉन एल्पिदिओ किरिन्दोंगो जिवंत आहेत. कालीत आलेत, नातीकडे. रविवारी बागेत यायला कबूल झालेत."

एनेइदाचा हात गळ्यातल्या क्रॉसवर गेला. हार्वी पुढं म्हणाला, "आम्ही ठरवलंय, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आपल्यातलं कुणीतरी बसवायचं. सगळं आठवणारं."

"मी नाही म्हणणार नाही," एनेइदा म्हणाली. मनात निळा पोशाख काढून झालासुद्धा होता.

हार्वीनं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "म्हणजे... तो कार्यक्रम पाहिलेलं माणूस हवं ना. पाहिलेले बरेचसे वर गेले. उरलेत ते त्या दिवशी इतके प्यायलेले होते की त्यांना स्वतःची बायको आठवत नाही. आम्ही दोन्या दिओसेलिनांना विचारलं. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. वही घेऊन या."

पहिल्या रांगेत! वही घेऊन! एनेइदानं त्याला लुलादा सरबताचा ग्लास द्यायला घेतला होता, तो परत फ्रिजमध्ये ठेवला.

त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष लागेना. दिओसेलिना नवीन पिवळा ब्लाउज दाखवायला आली तर म्हणाली, "छान आहे. पपई दिसतेस." दिओसेलिना हसली. ती नेहमीच हसायची, हेही एनेइदाच्या डोळ्यांत खुपायचं.

"काय बोलू गं तिथं?" दिओसेलिनानं विचारलं. "तुला सगळं माहीत असतं. तूच सांग."

"मला काय विचारतेस? तू पाहिलंस ना?"

"हो, पण तू..." दिओसेलिना थांबली. मग ब्लाउजची घडी घालून निघून गेली.

रविवारी बाग माणसांनी फुलून गेली होती. झाडांखाली रेकॉर्डची खोकी, टेबलांवर रेकॉर्ड प्लेयर, आणि चोंतादुरोवाली त्या फळाच्या फोडी मीठ-मध लावून विकतेय. डॉन एल्पिदिओ म्हणजे अगदी वाळलेला म्हातारा. कान पार गेलेले, पण बोटं लांबसडक. एक अख्खं चोंतादुरो हातात घेऊन ते चघळत बसले होते आणि कोण काय बोलतंय याची त्यांना फिकीर नव्हती. शेजारी पिवळी पपई.

हार्वीनं आधी 'इनेसचं खेचर' लावलं. ते कांदिलचं सगळ्यात गाजलेलं गाणं. इनेसचं खेचर ओझं घेऊन डोंगर चढतंय आणि इनेस मागून त्याला शिव्या घालतेय. रेकॉर्डवर ते खेचर रमतगमत चालतं. पण कालीकरांच्या पायांना तेवढा धीर कुठला? असल्या रेकॉर्डी आल्या तेव्हापासून इथं त्या मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर न लावता प्लेयरचा खटका पंचेचाळीसवर ढकलून वाजवायची रीत. मग खेचर उधळतं, गायकाचा आवाज पोरासारखा बारीक होतो, आणि पाय जमिनीला लागत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यावर नाचले. कित्येकांना खरी चाल वेगळी आहे हे ठाऊकच नव्हतं. एनेइदाला अर्थात ठाऊक होतं. डायरीत दोन्ही चाली लिहिलेल्या होत्या.

हार्वीनं पंचेचाळीसवरच लावलेलं गाणं संपलं आणि दिओसेलिनानं माईक धरला.

"मांडव खचाखच भरलेला," ती म्हणाली. "आणि त्यांनी हे खेचर सुरू केलं. काय वेग म्हणून सांगू! आत्ता वाजलं ना, अस्सं. तसूभर कमी नाही. ते ढोलवाले घामानं निथळत होते. आम्ही वेड्यासारखे नाचलो."

एनेइदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

अस्सं? आत्ता वाजलं तस्सं? न्यूयॉर्कची माणसं स्वतःचं गाणं स्वतःच्याच चालीत वाजवणार. पंचेचाळीसचा वेग हा इथल्या घराघरांतल्या खटक्याचा वेग. म्हणजे ही बया मांडवात गेलीच नव्हती. तिकीट कुणाला तरी विकलं असेल, जत्रेत हुंदडली असेल, आणि घरी वाजणाऱ्या रेकॉर्डवरून गोष्ट रचली. इतकी वर्षं! आणि आपण इतकी वर्षं हिच्यावर जळत राहिलो, ते एका थापेवर!

तिला राग आला, पण त्याहून जास्त आनंद झाला. तो आनंद चांगला नव्हता हे तिला कळत होतं. तरी ती उठली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज माईकशिवाय सगळीकडे पोचला, "ऑर्केस्ट्राला खटका नसतो."

लोक तिच्याकडे वळले.

"रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावता येते. चौदा माणसं कशी लावणार? त्यांनी हे गाणं कधी या वेगानं वाजवलेलंच नाही. तू ऐकलंस ते कुणाच्या तरी घरच्या रेकॉर्डवर. तू त्या मांडवात पाऊल ठेवलं नव्हतंस, दिओसेलिना. इतकी वर्षं थापा मारतेयस."

कुणीतरी हसलं, कुणीतरी शूऽ केलं. दिओसेलिनाच्या तोंडावरचं नेहमीचं हसू गेलं. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तिची नजर एनेइदाच्या पायांवर गेली आणि तिथंच राहिली. तिनं माईक मांडीवर ठेवला. कानापर्यंत लाल झाली होती. म्हणजे खरंच खोटी, असं सगळ्यांनी धरलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "मला तर पहिल्यापासून शंका होती." त्याला कसलीही शंका नव्हती.

"काय झालं?" डॉन एल्पिदिओंनी विचारलं. सगळे गप्प झालेले त्यांना दिसले होते. हार्वी वाकून त्यांच्या कानात ओरडला, "ही बाई म्हणतेय, तुम्ही खेचर जोरात वाजवलं! ती बाई म्हणतेय, शक्य नाही!"

म्हाताऱ्यानं चोंतादुरोची बी हातात काढली.

"शक्य नव्हतंच," तो म्हणाला. एनेइदानं हनुवटी वर केली. "आम्ही नेहमीसारखं सुरू केलं. आणि लोक नाचायचे थांबले. उभे राहिले. एक माणूस ओरडला, गायकाला सर्दी झालीय का? मग शिट्ट्या, मग केळीच्या साली. मला वाटलं, या गावाचं डोकं फिरलंय. आमचा म्होरक्या घाबरून पडद्यामागे गेला. आम्हाला काय माहीत तुम्ही लोकांनी आमच्या रेकॉर्डींचं काय करून ठेवलंय?"

लोक हसायला लागले. म्हातारा हसला नाही. आठवत होता.

"तेवढ्यात एक पोरगी स्टेजला येऊन भिडली. काडीसारखी. पायातला बूट काढला आणि टाच फळ्यांवर आपटायला लागली. टक टक टक टक. 'असं वाजवा, असं!' मी तिच्या बुटाकडे बघत वाजवलं. मग कोंगावाला आला, मग ट्रम्पेट. आख्खा ऑर्केस्ट्रा त्या बुटावर चालला. गाणं संपेपर्यंत ती थांबली नाही. शेवटी टाच उडाली ती थेट माझ्या पियानोत. पुढची सगळी गाणी एक सूर खडखडत होता." त्यानं एनेइदाकडे बघितलं. "खटका होता, बाई. त्या पोरीच्या हातात होता. पांढरा बूट."

बागेत टाळ्या पडल्या. दिओसेलिना खुर्चीत अंग चोरून बसली होती आणि टाळ्या ऐकतच नव्हती. ती फक्त एनेइदाकडे बघत होती, चोरी पकडलेल्या पोरीसारखी.

एनेइदा परत खुर्चीवर बसली.

सगळे डॉन एल्पिदिओंभोवती गोळा झाले तेव्हा दिओसेलिना खाली उतरून तिच्या शेजारी येऊन बसली.

"गटार नव्हतं," दिओसेलिना म्हणाली.

"कळलं ते."

"नवे कोरे होते गं. तू एकदासुद्धा बाहेर घातले नव्हतेस. तुला काय तोंडानं सांगणार होते, की मीच आपटून मोडला म्हणून? म्हणून तो भाग कुणालाच सांगितला नाही. तुझ्या कानावर गेलं असतं."

"मग खोटारडी म्हटलं तेव्हा तरी बोलायचंस."

"लोकांपुढे? तुझ्या बुटाचं?"

एनेइदानं तिच्या पिवळ्या ब्लाउजकडे बघितलं. इतकी वर्षं ही हसरी बाई सगळ्या गावाला गोष्ट सांगत फिरली आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा, जो ऐकून गावानं तिला डोक्यावर घेतलं असतं, तो एका बुटापायी गिळून बसली. आणि आपण एका खटक्यापायी तिला चारचौघांत उभं सोललं. माफी मागायला हवी होती. ओठांवर येत होती आणि परत जात होती, कारण पोटात अजून तीच जुनी मिरची झोंबत होती. खरं सांगायचं तर आता जास्तच. आता तर तिला स्वतःच्या डाव्या बुटाचासुद्धा हेवा वाटत होता. तो तिथं होता. त्यानं कांदिलला चालवलं होतं. घरात आरशासमोर तिनंच त्याला तालीम दिली होती.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "मी फार वाईट बोलले."

"हो," दिओसेलिना म्हणाली. "आणि पपईसुद्धा म्हणालीस."

एनेइदानं पिशवीतून ती जुनी वही काढली. कोरं पान उघडलं. कागद पिवळा पडला होता, तारखेची शाई विटली होती. तिनं चष्मा लावला, पेन काढलं, आणि दिओसेलिनाकडे न बघता म्हणाली, "सांग."

"काय?"

"सगळं. मांडवात शिरलीस तिथपासून."

दिओसेलिनानं तिच्याकडे बघितलं, आणि मग इतक्या वर्षांचा बांध फुटल्यासारखी सुरू झाली: दारावरचा माणूस, गर्दी, पियानोवाल्याचा कोट, ते ढोल, कुणाचा तरी हात, पायात सैल होणारे बूट...

"थांब, थांब," एनेइदा म्हणाली. पेन कागदावर टेकलं होतं आणि ती पहिल्याच ओळीत मागे पडली होती. "असं नाही, कोमाद्रे. तेहतीसवर सांग."