रिकामा डेस्कटॉप

पहिला फटका कीबोर्डचा बसला. तो ऑफिसचे संगणक सांभाळणाऱ्या केतनच्या कानशिलावर इतक्या जोरात आदळला, की त्याची बटणं उडून समोर बसणाऱ्या सहकारी दिपिकाच्या टेबलापर्यंत गेली. दुसरा फटका हाताचा होता आणि त्या हातात जाड अंगठी होती.

"माजे आयशीचा आवाज कुठं हाय?" त्याचा मालक प्रितेश याने विचारलं.

त्याच्या केबिनमधल्या नव्या कोऱ्या पीसीवर निळा पडदा पसरला होता. कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र, बाकी काही नाही. कालपर्यंत जुन्या पीसीवर तिथे 'आई' नावाचा एक फोल्डर होता.

प्रितेशची आई जनीबाई धवलारीण होती. पनवेल-उरणच्या गावांत लग्न निघालं की धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला तिला मानाने घेऊन जात. शेवटच्या आजारपणात प्रितेश तिच्या खाटेशी बसून एकेक धवला मोबाइलवर भरून घ्यायचा. मग ते सगळं त्याने ऑफिसच्या पीसीवर उतरवलं. पुढे तो मोबाइल जेट्टीवरून पाण्यात पडला, तेव्हाही त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. आवाज ऑफिसात सुरक्षित आहे, असं तो म्हणाला होता.

"दादा, मला थोडा वेळ द्या," केतन म्हणाला. तोंडात रक्ताची चव आली होती. "सर्व्हरवर बघतो. तुमचा डेस्कटॉप सर्व्हरवर असतो, या पीसीवर नाही."

हे खरं होतं. सर्व्हर लिनक्सचा, बाकी पीसी विंडोजचे, आणि ही सगळी मांडणी केतननेच केली होती. कोणीही कुठल्याही पीसीवर बसून लॉगिन करावं, की त्याचा डेस्कटॉप सर्व्हरवरून तिथे येणार. काम संपवून लॉगआउट केलं, की तो परत सर्व्हरवर जाऊन बसणार. पण प्रितेशला लॉगआउटचा कंटाळा होता. तो नुसता पडदा बंद करून निघून जायचा. शेवटचं लॉगआउट त्याने कधी केलं होतं, फोल्डर सर्व्हरवर पोचला होता की नाही, हे केतनला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याच्या बोलण्यात जोर नव्हता आणि प्रितेशने ते बरोबर ओळखलं.

"माजा जुना पीसी कुठं हाय?"

केतनने नजर खाली वळवली. तिथेच त्याचं चुकलं. प्रितेशने त्याची मान धरून त्याला लोखंडी कपाटापाशी ओढत नेलं, त्याचा डावा हात दाराच्या फटीत घातला आणि दारावर आपला सगळा भार टाकला. बोटं मोडल्याचा आवाज दिपिकाला तिच्या टेबलापाशी ऐकू आला. ती धावत आली आणि प्रितेशच्या पाठीवर गुद्दे मारू लागली. त्याने तिला एका कोपराने मागे लोटलं.

"फॉरमॅट केला," केतन कळवळून म्हणाला. "परेशदादांनी सांगितलं म्हणून केला. ते म्हणाले, जुने पीसी पुसून टाक."

प्रितेशने दारावरचा भार काढला. त्याचा चेहरा एकदम शांत झाला. केतनला मारापेक्षाही त्या शांतपणाची जास्त भीती वाटली.

परेश त्याचा चुलतभाऊ आणि धंद्यातला भागीदार. मिठागरांच्या जमिनी गेल्यावर दोघांच्या बापांनी मिळून ट्रेलर घेतले, जासईला कंटेनरचं यार्ड उभं केलं. बाप होते तोवर जमलं. आता यार्डाची वाटणी कशी करायची यावरून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणीच्या बैठकीत परेश एकदा बोलून गेला होता, की काकी गेली, आता तिच्या नावाने रडणं पुरे कर. ते प्रितेशच्या मनात काट्यासारखं सलत होतं. परेशने नवे पीसी मागवले ते जुने बंद पडायला आले होते म्हणून. जुने पुसायला सांगितले ते भंगारवाल्याच्या हाती ऑफिसची माहिती जाऊ नये म्हणून. पण हे सांगायला केतनला अवधीच मिळाला नाही.

"परेश यार्डात हाय ना?" एवढंच विचारून प्रितेश जिना उतरला. खाली गाडीचं दार आपटलं.

दिपिकाने ओढणी फाडून केतनची बोटं बांधली. "आधी डॉक्टरकडे चल."

"आधी बघू दे," केतन म्हणाला.

तो सर्व्हरसमोर बसला आणि उजव्या हाताने, चुकत चुकत, एकेक अक्षर टाइप करू लागला. प्रत्येकाचं प्रोफाइल, म्हणजे त्याचा डेस्कटॉप, ठेवतात ती जागा उघडली. तिथे प्रितेशच्या नावाचा एक नाही, दोन फोल्डर होते. नाव तेच, शेपटी वेगळी. एक जुन्या विंडोजने केलेला, एक आज सकाळी नव्या विंडोजने केलेला. नव्या विंडोजला जुन्याचा फोल्डर चालत नाही. तो गुपचूप स्वतःचा वेगळा उघडतो, रिकामा. केतनने नवा पीसी आधी परेशच्या केबिनमध्ये लावला होता, पण परेश डेस्कटॉपवर काही ठेवतच नसे, म्हणून तिथे काही चुकल्याचं कळलं नाही.

त्याने जुना फोल्डर उघडला. 'आई' तिथे होता; म्हणजे प्रितेशने कधीतरी लॉगआउट केलं होतं. आत सगळे धवले होते, गावांच्या नावांनी लावलेले.

केतनला हसू आलं आणि ओठ फाटल्यामुळे तेही दुखलं. त्याने प्रितेशला फोन लावला. प्रितेशने कापला. परत लावला, तर बंद. परेशचा नुसताच वाजत राहिला.

दिपिकाने स्कूटर काढली. गव्हाण फाट्यावर कंटेनरांची रांग लागली होती. ती रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली आणि ट्रेलरच्या चाकांना खेटून पुढे काढत राहिली. प्रत्येक खड्ड्यात केतनच्या बोटांतून कळ खांद्यापर्यंत जात होती.

यार्डात पोचले तेव्हा ड्रायव्हर लोक लांब गोल करून उभे होते. मधे परेश जमिनीवर पडला होता. प्रितेशच्या हातात टॉमी होती, चाकं काढायची लोखंडी कांब. परेशने डोकं वाचवायला उजवा हात वर केला होता आणि तो हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. प्रितेश मारत होता, थांबत होता, धाप टाकून पुन्हा मारत होता.

"दादा, सापडलं," केतन ओरडला. "सगळं आहे सर्व्हरवर."

पलीकडे क्रेन कंटेनर उचलत होती. तिच्या घरघरीत शब्द बुडून गेले. केतन आणखी जवळ गेला, पुन्हा ओरडला. प्रितेशने वळून पाहिलं, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. त्याने टॉमी पुन्हा उचलली, या वेळी परेशच्या डोक्यावर.

केतनच्या उजव्या हातात हेल्मेट होतं. त्याने ते प्रितेशच्या तोंडावर हाणलं. प्रितेश गुडघ्यांवर बसला, टॉमी हातातून सुटली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण केतन थांबला नाही. नाकावर मारलं, कानावर मारलं, तो आडवा झाल्यावरही मारलं. आयुष्यात त्याने कोणावर हात उगारला नव्हता. आता प्रत्येक फटक्यासरशी त्याला आतून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय हेही त्याला समजत होतं. शेवटी भगवान नावाच्या वयस्कर ड्रायव्हरने मागून त्याला कवेत धरून उचललं. "मरंल तो, पोरा," तो म्हणाला. "पुरे."

प्रितेश रक्ताने भरलेल्या तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. दिपिका खाली वाकली.

"काय म्हणतोय?" केतनने विचारलं.

"विचारतोय, खरंच हाय काय?"

"हाय," केतन म्हणाला. एवढी वर्षं ऑफिसात जपलेली शहरी भाषा त्या क्षणी गळून पडली. "सगलं हाय. काय पन गेलं नाय."

प्रितेशने मान वळवून परेशकडे पाहिलं. परेश बेशुद्ध होता. मग प्रितेश मोठ्याने रडू लागला आणि पोलीस येईपर्यंत रडत राहिला.

परेश वाचला. हातात धातूच्या पट्ट्या बसल्या, पण मूठ अजून वळत नाही. प्रितेश जामिनावर सुटला, तरी यार्डात त्याला पाऊल ठेवायची बंदी आहे. केतनवरही गुन्हा दाखल झाला असता. परेशने जबाबात सांगितलं, की या पोरामुळे मी जिवंत आहे, म्हणून तो सुटला. नोकरी सोडण्याआधी केतनने सर्वांचे डेस्कटॉप एकाच जागी वळवून ठेवले, म्हणजे विंडोज जुना असो की नवा, समोर तेच दिसेल. सकाळभराचं काम होतं. नवे पीसी लावण्याआधीच करायला हवं होतं, हे त्याने दिपिकाजवळ एकदाच बोलून दाखवलं.

हल्ली तो खारघरच्या एका कॉलेजात संगणक विभाग सांभाळतो. मोडलेली बोटं थंडीत ठणकतात. कोणी विद्यार्थी तक्रार घेऊन आला, की सर, माझ्या फायली दिसत नाहीत, तर केतन आधी खुर्ची मागे सरकवतो. मग स्वतःच्या हातांकडे बघतो आणि ते मांडीवर ठेवून म्हणतो, "बस. सांग, आधी कुठल्या पीसीवर बसला होतास?"