‘तळं’ सांभाळणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आज माझ्या डोक्यावर कुंडी आहे आणि पोटात काही नाही. माझा घात झाला दोन हजार बारा साली. पण त्याआधीची वर्षं सुखाची होती, तेव्हा आधी तीच सांगतो.

प्राणिशास्त्र विभागातल्या बाईंच्या टेबलाखाली मी राहत असे. मासे, गोगलगायी, शेवाळं यांवरचं संशोधन महागड्या नियतकालिकांत कुलूपबंद असायचं. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात, त्यांनाच ते वाचता येत नाही, हे बाईंना सलत होतं. म्हणून त्यांनी ‘तळं’ नावाचं नियतकालिक काढलं. ते छापलं जात नसे. माझ्यात राहायचं आणि इंटरनेटवरून जगभर जायचं. पहिल्याच पानावर बाईंनी लिहिलं होतं, ‘कोणीही वाचा, उतरवून घ्या, वाटा. कायम.’

लिहिणारे आणि लेख तपासणारे, सगळेच पदरमोड करून राबायचे. बाईंचा उजवा हात म्हणजे त्यांचा एक विद्यार्थी. “मला सख्खा भाऊ नाही, हाच माझा धाकटा,” असं बाई म्हणत, म्हणून सगळ्यांचाच तो धाकटा झाला. तो त्यांना ताई म्हणे आणि हक्कानं त्यांच्या डब्यातलं खाई. माझ्या पंख्यातली धूळही तोच फुंकर मारून काढायचा. हा हात आपल्याला कधी अंतर देणार नाही, असं मला वाटे. बाईंची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी पासवर्डांसकट सगळं ‘तळं’ त्याच्या हवाली केलं.

एका दुपारी तो माझ्यापुढे उकिडवा बसला.

“ताई, ‘तळं’ आता मोठ्या घरी नेतोय. याला विश्रांती.”

“नीट ने रे. तोलामोलाचं घर आहे ना?”

“एकदम. आणि हा जुना झालाय, साफ करून ठेवतो.”

त्याचं बोलणं मला लाडाचंच वाटलं. थोड्याच वेळात माझ्यात एकही लेख उरला नाही. माणसांची आठवण तेवढी राहिली. ती पुसायचं बटण नसतं.

पुढच्या महिन्यात फोन वाजला. मत्स्यबीज केंद्रातले डॉक्टर होते. त्यांनी ‘तळं’मध्ये कल्ल्यांच्या रोगावर लेख लिहिला होता.

“बाई, माझाच लेख उघडत नाही. आधी पैसे भरा म्हणतंय. इकडे हौदातली पिल्लं तळमळतायत. औषध किती टाकायचं ते त्यात नेमकं आहे. जास्त पडलं तर औषधानंच मरतील.”

“तुमच्याकडे प्रत नाही?”

“कशाला ठेवू? तुम्ही ‘कायम’ म्हणाला होतात.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. त्यानं ‘तळं’ एका मोठ्या कंपनीला विकलं होतं, नावासकट आणि जुन्या अंकांसकट.

“ताई, भावनेवर नियतकालिक चालत नाही.”

“मग इतकी वर्षं कशावर चाललं होतं रे?”

तो उठला आणि जाताना सवयीनं माझ्यावरून हात फिरवून गेला. तो हात मला नको होता.

बाईंनी मला सुरू केलं. मी घरघरलो, पण देणार काय? मग त्यांनी जुन्या वाचकांना कळवलं: ज्यांनी उतरवून घेतलं असेल त्यांनी परत वाटा, ती परवानगी आपण सर्वांना दिली होती, ती कोणाला विकता येत नाही. दुसऱ्या दिवशी एका शाळेतल्या शिक्षिकेनं डॉक्टरांचा लेख धाडला. तोवर निम्मी पिल्लं गेली होती. निम्मी वाचली.

हळूहळू जवळजवळ सगळे अंक गोळा झाले. डॉक्टर पुढे केंद्राचे प्रमुख झाले आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवू लागले. शिक्षिकेनं नवं ‘तळं’ चालवलं. कंपनीनं जुनं ‘तळं’ काही वर्षांत बंद केलं. धाकटा त्याच कंपनीत नोकरीला लागून मोठ्या हुद्द्यावर चढला. बाईंनी मला घरी नेऊन दाराशी कुंडीखाली ठेवलं होतं; त्यांच्या शेवटच्या आजारात तो त्या दारापर्यंत आला आणि घंटा न वाजवता परतला. बाई मात्र अखेरपर्यंत डब्यात दोन माणसांचं भरत.

मित्रांनो, जे सर्वांचं आहे ते एकाच्या हवाली करू नका, तो कितीही आपला असला तरी. घराघरांत थोडं थोडं ठेवा. मी एकट्यानं सांभाळलं, म्हणून एका दुपारीत रिकामा झालो.