पांढरी शेपटी

"रंग ही डोळ्यांना दिलेली लाच आहे. सत्य असतं ते फक्त काळ्यापांढऱ्यात," असं अनंतरावांनी जाहीर केलं आणि खुर्ची वल्लरीच्या शेजारी ओढून घेतली.

"काका, स्पर्धेच्या रंगीत विभागात तुमचे फोटो दोन वर्षं नापास झालेत," वल्लरी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"परीक्षकांना पक्षी कळत नाहीत."

"यंदाही तेच परीक्षक आहेत."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

वल्लरी ही अनंतरावांच्या बायकोची, हेमाताईंची भाची. लग्नाचे अल्बम करणं हा तिचा धंदा. नवरदेवाच्या गालावरच्या पुटकुळ्या पुसाव्यात तर तिनेच. मावशी गेल्यापासून दर रविवारी ती कर्वेनगरला यायची. काकांना गरम जेवायला वाढावं, असा तिचा मूळ बेत. काका भराभर जेवून तिला कॉम्प्युटरपुढे बसवत.

आजचा फोटो मात्र खरोखरच चांगला होता. खडकवासल्याच्या अलीकडचा ओढा, वाकलेली फांदी आणि फांदीवर स्वर्गीय नर्तक. डोकं काळं कुळकुळीत, अंग पांढरंशुभ्र आणि रिबिनीसारखी खाली सोडलेली लांबच लांब शेपटी. मुळातच काळापांढरा पक्षी. परीक्षकांना बोट ठेवायला जागा नव्हती.

पक्षी अलीकडे यावा म्हणून ओढ्यापलीकडे माणूस बसवायचा, ही अनंतरावांची स्वतःची पद्धत. माणूस म्हणजे अर्थात हेमाताई. पक्ष्याने त्यांना बघून इकडे वळावं, पण बिचकून पार उडून जाऊ नये, म्हणून अनंतरावांनी त्यांना मातकट रंगाचा स्वेटर घेऊन दिला होता. दिसायचं, पण फार नाही, अशी सूचना होती. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर ती त्यांना दोनदा सांगावी लागली नाही.

फाल्गुनात एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता हेमाताई गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं बरेच दिवसांचं असणार, काही बोलल्या नव्हत्या का? "एक अक्षर नाही," अनंतराव म्हणाले. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं. एक अक्षर नाही. कळायला काही मार्गच नव्हता. सांगून सांगून ते वाक्य चांगलं गुळगुळीत झालं होतं, आणि हल्ली ते त्याच्याच आधाराने झोपत.

"काका, इथे पानांत डाग दिसतोय. रंगीत होता तेव्हा कळत नव्हता. पुसू?"

"कसला डाग?"

फोटो काळापांढरा केला तरी त्यातला मूळचा एकेक रंग वेगळा उजळवता येतो. वल्लरीने हिरव्याची पट्टी थोडी पुढे सरकवली. पानं उजळली. डाग होता तसाच राहिला. फक्त त्याला खांदे आले.

वल्लरीचा हात माउसवरून उठला.

"मावशी."

"ती तिथेच बसायची," अनंतराव म्हणाले. "त्यात काय."

थोड्या वेळाने म्हणाले, "मागचे काढ. तारखेप्रमाणे."

पौषातल्या फोटोत खंड्या होता. वल्लरीने पट्टी सरकवली. खंड्यामागे एक सावली, ताठ उभी. माघातला धोबी पक्षी, सावली दगडावर टेकलेली. आठ दिवसांनी शिंजीर. सावली झाडाला रेललेली, मान कललेली. पक्षी सगळे असे रेखीव, की पिसं मोजून घ्यावीत. त्या सगळ्या सकाळी अनंतराव तिच्याकडेच तोंड करून, एक डोळा मिटून, दुसऱ्याने टक लावून बसले होते.

खिडकीतून शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. दोघांनीही ती मोजली नाही.

"आता नर्तक."

वल्लरीने पहिला फोटो पुन्हा लावला. सावली पुढे झुकली होती. उजवा हात कोपरात दुमडलेला. पंजा छातीपाशी असायला हवा, पण नेमकी तिथूनच ती पांढरी शेपटी खाली उतरली होती.

"कधीचा हा?"

"मावशी गेली त्याच्या आधीच्या रविवारचा."

अनंतराव पडद्याच्या इतके जवळ गेले, की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. ती त्यांनी बाहीने पुसली.

"हात केला असेल का गं तिने? मला बोलवायला?"

"दिसत नाही ना, काका. शेपटी आलीय."

"की छातीत कळ येऊन..."

स्पर्धेचे फोटो पाच वाजेपर्यंत पाठवायचे होते आणि चार वाजून गेले होते. वल्लरीने घड्याळाकडे पाहिलं. मग काकांना दिसू नये अशा बेताने नजर खाली घेतली.

"शेपटी पुसता येते?" अनंतरावांनी विचारलं.

"शेपटी? काका, त्या शेपटीमुळे तर फोटो आहे."

"येते का, ते सांग."

"येते. पण खालचं काही सापडत नाही हो. आजूबाजूचं बघून कॉम्प्युटर आपल्या मनानेच काहीतरी भरतो तिथे."

चष्म्याची काडी अनंतरावांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मग त्याला एवढं सांग," ते म्हणाले, "हात मांडीवर ठेव म्हणावं."