उद्या केक माझ्याकडून

मी मूर्ख नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वसंतात आमच्या ऑफिसात मला मूर्ख समजणारे निदान दोघे होते, आणि त्यातली एक मीच होते.

आम्ही एका डॅनिश बेटावर, स्वेनबोर्गच्या बंदरात, जहाजांच्या खिडक्यांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवतो. एकतीस वर्षं मेलवरच्या ऑर्डरी मी घेते. फेरो बेटांवरचे कोळी ऑर्डर देऊन झाली की खाली लिहितात, ‘बोडिल, गुडघा काय म्हणतो?’ या खुर्चीशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि यायला नकोही.

मग आस्गर आला. संगणकांची राखण करणारा, पन्नाशीचा, पोट सुटलेला. स्वतःच खोटे मेल पाठवून आमची परीक्षा घ्यायची, ही त्याची आवड. पहिल्यांदा आलं, ‘तुमचं पार्सल पोस्टात अडकलंय.’ मी क्लिक केलं. दुसऱ्यांदा आलं, ‘उन्हाळी सुट्ट्यांची यादी बदलली.’ तेही केलं. सुट्ट्यांची यादी कोण बघणार नाही हो?

“बोडिल, पूर्वी चोरांची भाषा मोडकीतोडकी असायची, लगेच कळायचं,” आस्गर म्हणाला. “आता ते यंत्राकडून लिहून घेतात. आपल्यापेक्षा चांगलं डॅनिश असतं. भाषेवर जाऊ नकोस.”

“मग कशावर जाऊ? वासावर?”

तो हसला नाही. “तिसऱ्यांदा फसलीस तर टॉर्किल तुझं मेलचं काम काढून घेणार. खाली गोदामात पाठवणार, पॅकिंगला.”

टॉर्किल म्हणजे आमचा मालक. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. लपवायचं काय त्यात?

आता आमच्या ऑफिसातला एक जुना कायदा सांगते. आपलं मशीन उघडं टाकून कुणी उठलं, की दुसऱ्यानं गुपचूप त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्याच नावानं सगळ्यांना मेल टाकायचा, ‘उद्या केक माझ्याकडून.’ मग त्याची सुटका नाही, केक आणावाच लागतो. असे निम्मे मेल मीच टाकलेत. गोदामातला प्रेबेन तर एका हिवाळ्यात माझ्या हाती पाच वेळा सापडला.

तर त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला टॉर्किलच्या नावानं मेल आला. ‘अरेरे, शेवटी मीही सापडलो! उद्या केक माझ्याकडून. कुठला हवा ते खाली निवडा.’

सगळं ऑफिस उसळलं. इतक्या वर्षांत टॉर्किल एकदाही सापडला नव्हता. कॉफी घ्यायला वर आलेला प्रेबेन तिथल्याच मशीनवर बसून ओरडला, “म्हातारा गावला रे!” आणि लगेच, “हे पासवर्ड मागतंय. टाकू?”

“टाक की, केक आहे!” कुणीतरी म्हणालं.

माझंही बोट तिथंच होतं. क्लिक करणार, एवढ्यात मनात आलं, निवडा? एकतीस वर्षांत कुणी कुणाला विचारलंय का, कुठला हवा म्हणून? सापडलेला माणूस आणेल ते खायचं. प्रेबेननं एकदा मधे कच्चा राहिलेला केक आणला, तोही आम्ही निमूट गिळला. आणि टॉर्किलला तर साडेआठला मी एरो बेटाकडे जाणाऱ्या बोटीवर चढताना पाहिलं होतं, मशीन बॅगेत घालून. मग त्याच्या खुर्चीत बसलं कोण?

ओरडावं आणि साधी गंमत निघावी, तर माझं हसं होणार, गोदामाचा जिना पक्का. गप्प बसावं तर सगळं ऑफिस चोराच्या हातात. मी खुर्चीतून उठले.

“हात काढा! कुणी काही दाबू नका!”

“अगं, मी आत्ताच पासवर्ड टाकला,” प्रेबेन म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मी टॉर्किलला फोन लावला. “अरे, उद्या केक आणतोयस का?”

“कसला केक? मी इथं बोटीवर ओकतोय!”

गुडघ्याची पर्वा न करता आस्गरच्या खोलीत धावले. त्याच्यासमोर तोच मेल उघडा होता. गाजराचा केक निवडून झाला होता, पासवर्ड अर्धा टाकून झाला होता.

“आस्गर, ही तुझी परीक्षा आहे का?”

“नाही.” त्यानं कीबोर्डवरून हात असा उचलला, जणू चटका बसला. “बाप रे. नाही गं, माझी नाही.”

मग मात्र माणूस कामाला लागला. आधी टॉर्किलचं खातं बंद केलं, मग प्रेबेनचा पासवर्ड बदलला, एकेक मशीन तपासलं. दुपारपर्यंत कळलं, तीन आठवडे कुणीतरी टॉर्किलच्या मेलपेटीत बसून आमचे वर्षानुवर्षांचे केकचे मेल वाचत होतं. नुकसान मात्र काही झालं नव्हतं.

“आपल्या सवयी शिकले ते,” आस्गर म्हणाला.

“शिकले, पण अर्धवट.”

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. “टॉर्किलला सगळं सांगितलं. माझं बोट कुठं होतं तेही. परीक्षेत तू नापास झालीस आणि खऱ्या वेळेला मी. तो म्हणाला, बोडिलच्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही. आणि आता पुढच्या परीक्षा तू नि मी मिळून काढायच्यात.”

मी जागेवर परत आले. सकाळी धावताना माझं मशीन सताड उघडं राहिलं होतं. माझ्याच नावानं सगळ्यांना मेल गेला होता, ‘उद्या केक माझ्याकडून. बोडिल.’

कॉफीच्या यंत्रामागे प्रेबेनचे खांदे हलत होते.

“तूच टाकलास ना रे, गाढवा?” मी आधी विचारून घेतलं. आता मी विचारते.

“मीच! पाच वेळांची भरपाई!”

त्याला झापायला तोंड उघडलं आणि भडभडून रडूच आलं. खुर्ची गेलेल्या बाईच्या नावानं असा मेल कोण टाकतं?

रात्री ब्रुन्सविअर भाजला, आमच्या बेटाचा खास केक, वर लोणी आणि तपकिरी साखरेचा थर. सकाळी दोन ट्रे टेबलावर ठेवले. कुठला हवा, ते मी कुणालाही विचारलं नाही.