हेडबाईंच्या हाडांची सरासरी

चिमीच्या डोक्याला एकच ताप होता, आणि तो ताप लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होता. तिची आई. अख्खी शाळा तिला हेडबाई म्हणायची. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानदार, पोस्टमन, शेजारीपाजारी सगळे हेडबाईच म्हणत, आणि स्वतःची लेकसुद्धा चिडली की तेच म्हणायची. लेक पन्नाशीला टेकली होती, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पाच माणसं तिच्या हाताखाली होती, पण घरात अजून चिमी ती चिमीच.

"आई, माझ्याकडे राहायला ये, तळमजला आहे," असं चिमी दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होती. "मला काय धाड भरलीय?" असं हेडबाई दोन वर्षं विचारत होत्या. शेवटी एकदा दोघींची चांगलीच जुंपली आणि त्या भांडणातून एक करार निघाला. हेडबाईंच्या हाडांची घनता दरवर्षी मोजली जायची आणि गेल्या वर्षीचा निकाल वाईट होता. यंदा तो सुधारला तर हेडबाई आपल्या घरी राहणार आणि चिमीने तो विषय पुन्हा काढायचा नाही. बिघडला तर हेडबाईंनी मुकाट्याने बॅग भरायची. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. सख्ख्या भाच्याला एका मार्कासाठी नापास करून बहिणीचा अबोला पत्करलेली ती बाई.

तपासणीत तसं काहीच नसतं. उताणं पडायचं, पायांखाली एक ठोकळा, आणि वरून यंत्राचा हात संथपणे सरकत जातो. पण टेबलावर पाठ टेकताना हेडबाईंनी दात आवळले ते चिमीला दारातून दिसलं.

"काय झालं गं?"

"टेबल गार आहे."

आता एवढ्यावरून कोण काय समजणार? चिमीने पंखा कमी करायला सांगितला.

निकाल आला त्या संध्याकाळी ती चौथा मजला चढून धापा टाकत घरात शिरली, तर हेडबाई चष्मा नाकावर घेऊन लाल पेनाने रिपोर्ट तपासत होत्या. रिपोर्ट! तपासत! चिमीने कपाळावर हात मारला.

"पास," हेडबाई म्हणाल्या. "कमरेचे मणके गेल्या वर्षी उणे दोन पॉइंट आठ, यंदा उणे दोन. आहे की नाही प्रगती?"

"आणि खुब्याचं हाड?"

"ते जरा घसरलंय. उणे दोन पॉइंट सहा. पण सरासरी काढली मी. उणे दोन पॉइंट तीन. नापासाची रेघ उणे अडीचला. म्हणजे पास."

"सरासरी? आई, ही काय सहामाही परीक्षा आहे? गणितात गेलं ते भाषेत भरून काढलं? अगं, जे हाड सगळ्यात कच्चं तेच धरतात! पडलीस तर सरासरी मोडणार आहे का? खुबा मोडेल, खुबा!"

"ओरडू नकोस. आणि मुळात ही तुलनाच अन्यायाची. माझी हाडं म्हणे तिशीतल्या पोरीच्या हाडांशी ताडून बघतात. हा दुसरा रकाना बघ, माझ्या वयाच्या बायकांशी तुलना. त्यात मी कितीतरी पुढे आहे."

"तुझ्या वयाच्या निम्म्या बायका काठी घेऊन चालतात! त्यांच्यापुढे असण्यात काय मोठेपणा?"

पण भिंतीशी बोलल्यासारखं. त्यात धाकट्या भावाने लांबून फोन करून "वा, आई वा!" म्हटलं. त्याचं काय जातंय? पैसे पाठवले आणि वा म्हटलं की त्याचं कर्तव्य झालं. शिवाय हेडबाईंनी हाडांसाठीची आठवड्याची गोळीही बंद करून टाकली होती. ती घेतली की अर्धा तास ताठ बसून राहावं लागतं, आणि पास झालेल्या माणसाने शिक्षा का भोगायची, हा त्यांचा सवाल. चिमीने रागारागाने पर्स उचलली. मग परत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ घेतली. तिचंही डोकं आईवरच गेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वर्षांचे कागद शेजारी-शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. मग त्यांनी हेडबाईंना भिंतीला पाठ लावून उभं केलं, उंची घेतली, पुन्हा घेतली, आणि खालच्या मजल्यावर एक्स-रे काढायला पाठवलं. फिल्म येईपर्यंत हेडबाई चिमीला म्हणाल्या, "बघितलंस? विश्वास बसत नाहीये त्यांचा."

फिल्म उजेडावर लावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, कमरेचे चार मणके मोजतात. यांतले तीन गेल्या वर्षी होते तिथेच आहेत, वाईट. एकच तिसरा एकदम शून्याच्या वर गेलाय. असा एकटा वर गेलेला मणका मोजणीतून वगळायला हवा होता, तो वगळला नाही, म्हणून आकडा सुधारल्यासारखा दिसतोय. हा मणका मजबूत झालेला नाही. चेपलाय. रिकामं खोकं पायाखाली आलं की चपटं होतं ना, तसा. तेवढाच माल कमी जागेत दाबला गेला म्हणून यंत्राला दाट वाटला."

"चेपला म्हणजे?" चिमीने विचारलं.

"मोडलाय. महिना-दीड महिना झाला असावा. फार दुखतं हे. बाई, तुम्हाला कळलं कसं नाही?"

हेडबाई टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसल्या. चिमीला तपासणीच्या टेबलावरचे ते आवळलेले दात आठवले. कळलं नव्हतं थोडंच!

"बादली उचलली होती," हेडबाई अखेर म्हणाल्या. "पाठीत कट्कन वाजलं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. गोळीच्या जागी इंजेक्शन सुरू करायचं, वाकून काही उचलायचं नाही, काही आठवडे पट्टा लावायचा, दुखणं कमी झालं की व्यायाम शिकायचा. चिमीने मान डोलावली. कानात अर्धंच गेलं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या, आणि चिमीचा बांध फुटला.

"महिनाभर मोडका मणका घेऊन चार मजले चढत-उतरत होतीस! एकटी! रात्री कूस कशी वळत होतीस? मी मेले होते का? एक फोन करता आला नाही?"

"केला असता तर तू त्याच दिवशी मला उचलून नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"मग?" हेडबाई म्हणाल्या.

समोरून एक बाई वॉकर घेऊन आली, तिला वाट द्यायला चिमीने पाय आत घेतले.

"असो," हेडबाईंनी पदर सारखा केला. "नापास ते नापास. उद्या बॅग भरते. ठरलं होतं तसं."

दोन वर्षं चिमीला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं तर स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. कसला करार आणि कसलं काय! आईच्या दुखण्यावर तिने घर लावलं होतं डावाला, आणि आई ते घर वाचवत महिनाभर दात आवळून बसली होती.

"करार गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "तुला राहायचं तिथे राहा. बादल्या भरायला बाई ठेवू, मी येत जाईन. बॅगेचा विषय मी काढणार नाही, कधीच नाही. फक्त एक कर. दुखलं की मला सांग. कितीही दुखो, काहीही मोडो, मी तुला कुठेही नेणार नाही. नुसतं सांग."

हेडबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. खरं बोलतेय की नाही, ते बघत असाव्यात. मग त्यांनी हळूच बाकाची कड धरली, चेहरा एकाएकी लहान झाला.

"आत्ता दुखतंय," त्या म्हणाल्या. "फार दुखतंय गं, चिमे."